जपायची ती दुसरी फूट

सांगली जिल्ह्यात कडेगाव, वाळवा आणि पलूस या तालुक्यांच्या हद्दी जिथे एकत्र येतात, तिथे सागरेश्वरचं अभयारण्य आहे. क्षेत्रफळ जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. एका अंगाला यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, दुसऱ्या अंगाला ताकारीचं रेल्वे स्टेशन. चराईने आणि तोडीने उघडेबोडके झालेले हे डोंगर पुन्हा झाडांखाली आणायचेच, असा ध्यास मोहित्यांच्या वडगावच्या धों. म. मोहिते यांनी घेतला. त्यांनी गावकऱ्यांना सोबत घेतलं आणि वनखात्याच्या मागे लागले. रोपं लावली गेली, बाहेरून हरणं आणून सोडली गेली आणि १९८५ मध्ये या माणसांनी उभ्या केलेल्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सांबर, चितळ, काळवीट आणि भेकर इथे नांदू लागले.

पुढे डोंगराच्या पायथ्याशी पाणी आलं. ताकारी उपसा सिंचन योजनेने कृष्णेचं पाणी वर चढवलं. जिथे ज्वारी आणि हुलगा पिकायचा तिथे ऊस आणि द्राक्षं उभी राहिली. घरांपुढे जास्वंदी, गुलाब, मोगरे आले. अभयारण्यात मात्र बारमाही वाहणारं पाणी नाही. फेब्रुवारीनंतर आतलं गवत वाळून पिवळं पडतं आणि कुंपणापलीकडे पाटाच्या पाण्यावरचा हिरवा पट्टा दिसत राहतो. एवढं आमिष समोर असताना हरणाने फट शोधली नाही तरच नवल. हरणं पिकात शिरतात ही आसपासच्या शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. पिकांइतकी चर्चा परसातल्या झुडपांची होत नाही, पण सकाळी दार उघडल्यावर शेंडे उडालेली जास्वंद पाहणारी घरं या भागात कमी नाहीत.

साताऱ्याकडे चित्र वेगळं, पण गोष्ट तीच. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पाटण, जावळी, महाबळेश्वर या पट्ट्यात घरं, रिसॉर्टं, फार्महाऊस जंगलाला खेटून आहेत. तिथे सांबर आणि भेकर हे रात्रीचे पाहुणे. कधी गवाही येतो.

जंगलालगतच्या या सगळ्या घरांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. हरणाने एकदा खाल्लेलं झुडूप सहसा मरत नाही. ते पुन्हा फुटतं, आणि ती नवी फूट खायला हरीण परत येतं. झुडूप मरतं ते या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत. म्हणून झुडूप जगवणं आणि त्याची राखण करणं ही वेगळी कामं नाहीत. दोन्हींचा केंद्रबिंदू एकच: खाल्ल्यानंतर येणारी कोवळी फूट.

आधी चोर ओळखा

शेंडा गेला की दोष हरणाला द्यायची घाई होते. पण परसात येणारी तोंडं अनेक असतात आणि प्रत्येकासाठी उपाय वेगळा.

पहिली खूण फांदीच्या टोकाला मिळते. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांत पाला पकडून ते मान झटकतात. त्यामुळे फांदी कापली न जाता फाटते; टोकाला सालीचे धागे लोंबतात. ससा मात्र वरच्या-खालच्या धारदार दातांनी कोवळी काडी तिरकी आणि स्वच्छ कातरतो, कात्रीने कापल्यासारखी वाटावी अशी. साळिंदर बुंध्याशी कुरतडतं आणि कंद उकरतं. वानरं कळ्या आणि फुलं तोडून अर्धी खातात, अर्धी टाकतात, फांद्याही मोडतात.

फाटलेलं टोक दिसलं म्हणजे हरीणच, असंही नाही. शेळ्या, मेंढ्या आणि गुरं यांच्याही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात मेंढरांचे कळप फिरतात. फाटकाची कडी निघालेली असेल तर एक शेळीही तासाभरात बाग साफ करते. म्हणून दुसरी खूण पाहायची ती उंचीची. भेकर खांद्याशी दोन-अडीच फुटांचं, त्याचं तोंड फार वर जात नाही. चितळ तीन फुटांच्या आसपास असतं आणि मान वर करून पाच फुटांपर्यंतचा पाला खातं. सांबर खांद्याशीच साडेचार-पाच फूट भरतं. ते सात फुटांवरचा पालाही सहज काढतं आणि मनात आलं तर मागच्या पायांवर उभं राहतं. झुडपाच्या वरचा भाग हिरवा आणि खाली एका रेषेत सगळं साफ झालेलं असेल, तर ती रेष म्हणजे खाणाऱ्याच्या तोंडाची उंची समजावी.

तिसरी खूण जमिनीवर. पाणी दिलेल्या आळ्यात खूर स्पष्ट उमटतात. गव्याचा खूर बैलासारखा मोठा आणि गोलसर, हरणाचा लांबट आणि पुढे निमुळता. लेंड्याही पाहाव्यात. शंका राहिली तर झुडपांभोवती संध्याकाळी बारीक माती चाळून पसरावी आणि सकाळी वाचावी.

आणखी एक नुकसान तोंडाने होतच नाही, ते शिंगांनी होतं. सांबर आणि चितळ यांच्या नरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी येतात. वाढत्या शिंगांवर मखमली कातडी असते. शिंगं पक्की झाली की ती कातडी काढण्यासाठी आणि पुढे माजाच्या दिवसांत आपली खूण ठेवण्यासाठी नर खोडावर शिंगं घासतो. मनगटाएवढ्या जाडीची, लवचिक, एकटी उभी असलेली खोडं त्याला आवडतात. तिथे पाला शाबूत असतो आणि साल मात्र उभी सोललेली असते. काळविटाची शिंगं गळत नाहीत, कारण तो हरणांच्या नव्हे, कुरंगांच्या कुळातला.

उन्हाळ्यातच का?

चितळ हे मुळात गवत आवडीने खाणारं जनावर. पावसाळ्यात डोंगरभर कोवळं गवत असतं तेव्हा ते बागेकडे फारसं वळत नाही. गवत वाळलं, त्यातला कस गेला की ते पानांकडे, शेंगांकडे, पडलेल्या फळाफुलांकडे वळतं. सांबर वर्षभर पाला आणि गवत दोन्ही खातं. भेकर निवडक खातं: कळी, कोंब, कोवळं पान, गळालेलं फळ.

महाबळेश्वरला वर्षाला सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर माण-आटपाडीकडे सुमारे पाचशे. पण फेब्रुवारी ते जून या काळात दोन्हीकडची रानं सारखीच तहानलेली असतात, त्यात कुठे वणवे लागतात. अशा वेळी ठिबकवर वाढवलेली बाग जनावरासाठी अन्नही असते आणि पाणीही. आपण खत घालतो, पाणी देतो, छाटणी करतो. त्यातून रसरशीत आणि नत्राने भरलेली पानं येतात. रानातल्या झुडपाच्या पानात तंतू जास्त, कडवटपणा जास्त. हरणाला हा फरक कळतो. जास्त युरिया मिळालेली बाग त्याला अधिक गोड लागते, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी चूक टळते.

झुडूप काय गमावतं आणि काय राखून ठेवतं

सांगलीकरांना हा भाग समजवायला वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडायची गरज नाही. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ, पलूसच्या द्राक्षबागा पाहाव्यात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. काड्या डोळा राखून मागे कापतात, वेल जवळजवळ बोडका होतो. परगावचा माणूस पाहिला तर म्हणेल, बाग मेली. दोन आठवड्यांत डोळे फुगतात, फुटतात, आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला लागणाऱ्या काड्या त्याच फुटीतून तयार होतात. बागायतदार जे कात्रीने करतो, तेच हरीण तोंडाने करतं. मग द्राक्षवेल जगतो आणि परसातली जास्वंद का खंगते?

प्रत्येक फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खाली उतरतं. त्याच्या प्रभावामुळे खालचे डोळे झोपून राहतात. शेंडा गेला की तो दाब सुटतो आणि बाजूचे डोळे जागे होतात. त्यांना फुटायला लागणारं अन्न पानांतून येत नाही, कारण पानं गेलेली असतात. ते येतं मुळांत आणि जाड खोडात साठलेल्या पिठूळ साठ्यातून. नवी पानं पूर्ण उलगडून जून होईपर्यंत ती घेणेकरीच असतात. देणेकरी होतात ती त्यानंतर. या मधल्या आठवड्यांत साठा सर्वात खाली गेलेला असतो.

द्राक्षबागेत या नाजूक काळात पाणी, खत आणि राखण असते. नवी फूट कोणी खात नाही. परसात नेमका याच वेळी हरणाचा दुसरा फेरा होतो. फूट खाल्ली जाते, झुडूप उरलासुरला साठा काढून पुन्हा फुटतं, तीही खाल्ली जाते. प्रत्येक वेळी येणारी फूट आधीपेक्षा बारीक आणि फिकट. शेवटी डोळे असतात, पण त्यांना उठवायला मुळांत काही शिल्लक नसतं. अशा झुडपाला आपण 'रोग पडला' म्हणून औषध मारत बसतो.

खायला सोपं झुडूप म्हणजे दुबळं झुडूप, असं मात्र नाही. झुडपांनीही बचाव शिकलेले आहेत: काटे, चीक, कडू द्रव्यं, पानांतलं टॅनिन. आफ्रिकेतल्या बाभळींवर असं दिसलं आहे की ज्या फांद्या जनावरं खातात त्यांवर पुढे लांब काटे येतात आणि पोहोचेबाहेरच्या फांद्यांवर आखूड. आपल्या नर्सरीतली शोभेची झुडपं मात्र मोठं फूल आणि मऊ पान यांसाठी निवडलेली. बचावाचा भार त्यांच्याकडून काढून आपण तो आपल्या अंगावर घेतला आहे.

कात्रीच्या आधी जाळी

म्हणून क्रम महत्त्वाचा. नुकसान दिसलं की पहिला हात कात्रीकडे जातो. तो जाळीकडे जायला हवा. राखण नसताना छाटणी केली तर आपण हरणासाठी ताजी फूट तयार करून ठेवतो.

पूर्ण बागेला कुंपण घालायची ऐपत आणि गरज प्रत्येकाची नसते. चार-सहा झुडपं असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र कडं करावं. तारेच्या जाळीचं गोल कडं झुडपाच्या पसाऱ्यापासून फूटभर दूर ठेवावं, नाहीतर हरीण जाळीतून तोंड घालून बाहेर आलेली पानं खातं. जाळी तीन-चार खुंट्यांना घट्ट बांधावी, खाली जमिनीला टेकवावी. भेकरासाठी चार फूट पुरतात, चितळासाठी सहा. रोपांना बांबूचा उंच ट्री गार्ड चालतो. कडं अरुंद असल्यामुळे हरीण आत उडी मारत नाही. उतरायला जागा नसलेल्या ठिकाणी ते पाय टाकत नाही.

याच स्वभावाचा फायदा मोठ्या कुंपणातही घेता येतो. सांबर-चितळांना रोखणारं एकेरी कुंपण आठ फुटांचं हवं. तेवढा खर्च जमत नसेल तर चार-पाच फुटांची दोन कुंपणं एकमेकांपासून चार-पाच फुटांवर घालावीत. हरणाला उंच उडी येते आणि लांब उडीही येते, पण दोन्ही एकदम मारायला ते बिचकतं. पलीकडचं दिसलं नाही तरीही ते बिचकतं. म्हणून आडोसा देणारी भिंत किंवा दाट हिरवी कड तेवढ्याच उंचीच्या उघड्या जाळीपेक्षा जास्त काम करते. आपल्याकडे शेताला जुन्या साड्या बांधतात, त्यामागे हेच गणित आहे. पण साड्यांचा धाक हरणं काही दिवसांत ओळखतात.

जाळी खालून उचललेली राहिली तर सगळी उंची फुकट जाते. हरीण आधी खालून वाट शोधतं, उडी हा त्याचा नंतरचा पर्याय. ओघळ, पाटाची मोरी, फाटकाखालची फट या जागा रोज पाहाव्यात.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. सैल नायलॉनची जाळी लावू नये. तिच्यात शिंगं अडकतात आणि घाबरून धडपडलेलं हरीण सुटल्यावरही ताणाने मरू शकतं. अडकलेलं जनावर दिसलं तर भोवती गर्दी करू नये, कुत्री दूर बांधावीत आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावं. दुसरं, घरातल्या विजेचा प्रवाह तारेत सोडू नये. तो गुन्हा आहे, आणि त्यात जनावरांइतकीच माणसंही मेली आहेत. शेतकरी ज्याला झटका मशीन म्हणतात ते सौर कुंपण वेगळं. त्यात क्षणभराचा, जीव न घेणारा झटका असतो. पण तेही प्रमाणित यंत्राचं आणि तारांखालचं गवत कापलेलं असेल तरच चालतं. हरणांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. फास, विष, सापळा यांचा विचारही करू नये. वन्य प्राण्यांनी पिकाचं किंवा फळझाडांचं नुकसान केलं तर वनखात्याकडून भरपाई मिळते, त्यासाठी लगेच वनपालाला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. मोगऱ्याच्या कळ्यांचा पंचनामा करायला कोणी येईल, अशी आशा ठेवू नये.

आता कात्री

राखण झाली की झुडपाकडे वळावं. फांदी जिवंत आहे का, हे नखाने साल किंचित खरवडून कळतं. आत हिरवं आणि ओलसर असेल तर ती जिवंत. तपकिरी आणि कोरडी असेल तर थोडं खाली खरवडावं. हिरवं लागेल तिथून वर मेलेलं.

फाटलेलं टोक तसंच ठेवू नये. चिंध्या झालेल्या सालीत पाणी साचतं आणि बुरशी शिरते. धारदार सिकेटरने बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, किंचित तिरका काप घ्यावा. यापेक्षा जास्त कापायची घाई नको. ज्या फांद्यांवर थोडी पानं उरली आहेत त्या राखाव्यात, कारण सध्या झुडपाचं पोट त्याच पानांवर आहे. झुडपाला सुबक आकार द्यायचा तो पुढच्या हंगामात.

सर्व झुडपांना एकच नियम लागू होत नाही. जास्वंद, तगर, एक्झोरा, मेंदी, कोयनेल ही जुन्या लाकडातूनही फुटतात. ती गुडघ्यापर्यंत खाल्ली गेली तरी आशा सोडू नये. मोगऱ्याची छाटणी आपण थंडीत करतोच आणि उन्हाळ्यात त्याला नव्या फुटीवर कळ्या येतात. त्यामुळे जानेवारीत हरणाने मोगरा खाल्ला तर नुकसान थोडं, मार्चमध्ये खाल्ला तर त्या वर्षीची फुलं गेली. गुलाबाचं बहुतेक रोप डोळा भरलेलं असतं. वरचा भाग खाल्ला गेला की खुंटाच्या, म्हणजे डोळा भरलेल्या जागेच्या खालच्या भागातून जोमदार फूट येते. ती पाहून आनंद होतो, पण ती जंगली गुलाबाची असते. ती मुळाशी ओढून काढली नाही तर तुमचा गुलाब दबतो. अनंताला जड छाटणी सोसत नाही, त्याची फक्त टोकं नीट करावीत.

थुजा आणि त्याच्या कुळातली झुडपं हा सर्वात नाजूक प्रकार. महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांभोवती ती दिसतात. यांच्या पानं नसलेल्या जुन्या लाकडात झोपलेले डोळे जवळजवळ नसतात. हरणाने हिरवा भाग खाऊन फांदी तपकिरी लाकडापर्यंत उघडी केली तर तिथून सहसा पुन्हा फूट येत नाही. अशा कुंपणात पडलेली खिंडारं शेजारच्या हिरव्या फांद्या बांधून भरावी लागतात किंवा रोप बदलावं लागतं.

शिंगांनी सोललेल्या खोडाचं गणित परिघावर ठरतं. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. निम्म्याहून कमी साल गेली असेल तर उरलेल्या पट्टीतून काम चालतं आणि कडेने नवी साल भरत येते. पूर्ण वेढा सोलला गेला तर वरचा भाग काही आठवडे हिरवा दिसेल, पण मुळं उपाशी मरतील. अशा वेळी वेढ्याच्या खाली कापून नव्या फुटीला वाव देणं, हाच मार्ग. लोंबती साल धारदार चाकूने कडेपर्यंत साफ करावी. डांबर, ऑइलपेंट लावू नये.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या घरी बोर्डो पेस्ट असतेच: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून प्लास्टिकच्या भांड्यात एकत्र करायचं आणि ताजंच वापरायचं. ही पेस्ट जखम भरत नाही, ते काम झाडाचं. ती पावसाळी हवेत बुरशीला रोखते.

खत देताना हात आखडावा. उपाशी झुडपाला युरियाचा डोस दिला तर लुसलुशीत, लांब, मऊ फूट येते आणि तीच पुढच्या फेरीला आमंत्रण ठरते. मूठ-दोन मुठी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पुरे. बुंध्यापासून चार बोटं सोडून उसाच्या पाचटाचं आच्छादन करावं; ओल टिकते, पाण्याच्या पाळ्या कमी होतात. पानं नसलेलं झुडूप पाणी कमी पितं, म्हणून आळं तुडुंब ठेवू नये, मुळं कुजतात. पाला गेल्यामुळे उघडी पडलेली खोडं एप्रिल-मेच्या उन्हात भाजतात. त्यांच्यावर दुपारपुरती नेटची सावली धरावी.

वास, चव आणि एक फ्रेंच गोष्ट

फवारून चोर दूर ठेवायची कल्पना जुनी आहे, आणि तिने जगाला एक मोठं औषध दिलं. फ्रान्समधल्या बोर्दो परगण्यात रस्त्याकडेची द्राक्षं वाटसरू तोडत, म्हणून बागायतदार कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर मिश्रण शिंपडत. विषारी दिसावं, एवढाच हेतू. १८८२ मध्ये अलेक्सी मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की डाऊनी या रोगाने आतल्या वेलींची पानं गळाली, पण रस्त्याकडेच्या वेलींची शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं. सांगलीच्या द्राक्षबागांत आजही फवारलं जाणारं बोर्डो मिश्रण मुळात राखणीचं औषध होतं.

हरणांसाठीचे फवारे वास किंवा चव यांवर चालतात. अमेरिकेतल्या बागांमध्ये अंड्याचा फवारा बराच वापरतात: एक भाग फेटलेली अंडी, चार भाग पाणी, गाळून पानांवर. कुजत्या अंड्याचा वास हरणाला मांसाहारी जनावराच्या वाऱ्यासारखा वाटतो, असं मानलं जातं. आपल्याला तो सुकल्यावर जाणवत नाही. आपल्याकडे मिरची-लसणाचा अर्क, निंबोळी अर्क, दशपर्णी वापरतात. सगळ्यांची मर्यादा एकच. पाऊस आला की फवारा धुऊन जातो, आणि फवाऱ्यानंतर उगवलेल्या पानावर तो नसतोच. जपायची असते ती फूट, आणि ती तर रोज नवी उगवते. म्हणून फुटीच्या काळात दर आठ-दहा दिवसांनी आणि प्रत्येक पावसानंतर फवारणी करावी लागते. साताऱ्याच्या घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हा खर्च व्यर्थ आहे.

बुजगावणं, लुकलुकता दिवा, रेडिओ, केसांच्या पुरचुंड्या यांना हरणं घाबरतात, पण थोडे दिवस. जागा आणि प्रकार बदलत राहिलं तर ते कळ्यांच्या नाजूक आठवड्यापुरते उपयोगी पडतात. कायमचा बंदोबस्त म्हणून त्यांवर विसंबू नये.

कडेला काय, आत काय

नव्याने लावणी करताना बागेचं एक वर्तुळ मनात धरावं. बाहेरच्या कडेला हरणाला न आवडणारं, आतल्या अंगाला त्याला आवडणारं.

अडुळसा कडेसाठी उत्तम. त्याच्या पाल्याला शेळीही सहसा तोंड लावत नाही. निर्गुडी, मोगली एरंड, कण्हेर, रुई, कोरफड, घायपात, गवती चहा यांना वास, चीक, विष किंवा कडकपणा यांचं संरक्षण आहे. कण्हेर आणि मोगली एरंड माणसालाही विषारी आहेत, लहान मुलं असलेल्या घरी ते लावताना जपावं. घाटमाथ्यावर करवंदाची जाळी आणि चिल्हार या तिथल्याच काटेरी झुडपांची जिवंत कुंपणं जुन्या पिढीने लावलेली आहेत. दाट व्हायला तीन-चार वर्षं लागतात, पण नंतर तारेच्या कुंपणापेक्षा ती कमी खर्चात टिकतात. घाणेरीलाही हरीण टाळतं, पण ती बाहेरून आलेली आणि रानभर पसरणारी आहे; तिला बागेतून रानात वाट देऊ नये.

जास्वंद, गुलाब, मोगरा, शेवंती, मधुमालती ही घराजवळ, रोजच्या वावराच्या जागी. कडक भुकेच्या वर्षी मात्र 'न आवडणारं' ही यादी अपुरी पडते. दुष्काळात हरीण अडुळशाचाही शेंडा चाखून पाहतं.

सगळीकडे कुंपणच हवं, असाही आग्रह नको. कासच्या पठारावर फुलांच्या रक्षणासाठी जाळी उभी राहिली आणि पुढे ती काढलीही गेली. चराई थांबल्याने गवत माजतं आणि छोट्या फुलांची जागा घेतं, असं स्थानिकांचं म्हणणं होतं. दुसऱ्या टोकाला अंदमान आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेऊन सोडलेल्या चितळांना खाणारं कोणी नव्हतं. ती वाढत गेली आणि जंगलातली कोवळी रोपंच उगवून वर येईनाशी झाली. खाणारं तोंड आणि फुटणारा डोळा यांचा मेळ तिसऱ्यावर, म्हणजे शिकाऱ्यावर अवलंबून असतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघांसाठी भक्ष्य वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि सागरेश्वरची हरणं तिकडे नेण्याची योजना वनखात्याने आखली, ती याच हिशेबातून. परसातल्या माणसाच्या हाती वाघ नसतो, जाळी असते.

वर्षाचा हिशेब

सातारा-सांगलीत हे काम ऋतूंप्रमाणे वाटून घेता येतं. दिवाळीनंतर, गवत वाळायच्या आत, कुंपणाच्या फटी बुजवाव्यात आणि जाळीची कडी तयार ठेवावीत. शिंगं घासण्याचे प्रकार दिसू लागले तर एकट्या खोडांना जाळी गुंडाळावी. जानेवारीच्या अखेरीस कडी चढवावीत; वाट पाहून नुकसान झाल्यावर नव्हे. फेब्रुवारी ते मे रोज सकाळी एक फेरी मारावी. खाल्लेलं दिसलं की त्याच दिवशी जाळी, दुसऱ्या दिवशी कात्री, आणि नवी पानं उलगडेपर्यंत खत नाही. जूनच्या पावसाने रान हिरवं झालं की हरणांचा ओढा कमी होतो. हेच दिवस झुडपाने साठा भरून काढायचे.

कडं काढायची घाई बहुतेक लोक करतात. झुडूप हिरवं दिसलं की जाळी नकोशी वाटते. पण नवी फूट हिरवी असेपर्यंत ती हरणासाठी घास आहे. फुटीचा रंग बुंध्याकडून तपकिरी होऊ लागला, वाकवली तर ती चटकन परत ताठ झाली, आणि तिच्यावरची पानं जून झाली म्हणजे झुडूप स्वतःचं अन्न स्वतः करू लागलं. सांबर-चितळांच्या वाटेवर तर निदान एक पूर्ण उन्हाळा कड्याच्या आत निघाल्याशिवाय जाळी सोडू नये. पावसाळाभर राखण आणि ओल मिळूनही बुंध्याशी एकही डोळा हलला नाही आणि खरवडल्यावर मुळापर्यंत तपकिरीच लागलं, तर ते झुडूप उपटावं. तिथे दुसरं लावताना कडं मात्र खड्ड्याच्या दिवशीच ठोकावं.